एका आत्यासाठी तीनशे प्रेक्षक

मला फक्त आमच्या आत्याला एक पिक्चर दाखवायचा होता. बावीस मिनिटांचा. त्यासाठी मला एक संस्था काढावी लागली, तिला अध्यक्ष नेमावा लागला, सरकारदफ्तरी आमची नोंद सर्कस म्हणून करून घ्यावी लागली आणि शेवटी सगळ्या उस्मानपुऱ्यासमोर खोटारडा ठरावं लागलं. आता मी पुंडलिकनगरात राहतो. शहराचं नाव बदललं, डॉक्टर गुडघे बदला म्हणतात, आणि अमेरिका हा शब्द निघाला की शेजारपाजारचे लोक आपापल्या जावयांची चौकशी सुरू करतात. मला मात्र आत्याच आठवते.

गोष्ट सासष्ट सालची. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला अठरा वर्षं झाली होती. दिवाळी नुकतीच संपली होती. मी कचेरीत जायच्या गडबडीत उभ्या उभ्या चहा घेत होतो आणि आत्या चुलीपाशी बसून बशीतला चहा फुंकत होती. फुंकता फुंकताच ती म्हणाली, "दिग्या, संक्रांत झाली की मी लासूरला जाणार."

"जा की. चार दिवस राहून ये."

"चार दिवस नाय. कायमची."

मी कपबशी खाली ठेवली. आत्या म्हणजे आवडाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आई मी चार वर्षांचा असतानाच गेली, त्यामुळं मला न्हाऊ-माखू घालण्यापासून ते गणितात नापास झालो म्हणून फुकणीनं झोडपण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. तिचे यजमान लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्या-कापसाच्या बाजारात, मापाडी होते. ते वारल्यावर मी तिला औरंगाबादला घेऊन आलो, त्याला तीन वर्षं झाली होती. लासूरला तिच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांना कुलूप होतं. सत्तरीच्या बाईनं तिथं एकटीनं जाऊन काय करायचं? मला ती जायला नको होती. इतकं साधं होतं ते. पण साधी गोष्ट साधेपणानं करणं आमच्या घराण्यात नाही.

बायको, वत्सला, म्हणालीसुद्धा, "अहो, सरळ सांगा ना आत्याबाईंना, जाऊ नका म्हणून."

मी म्हणालो, "तुला माणसाचं मन कळत नाही. मुळाशी गेलं पाहिजे."

आणि मी मुळाशी गेलो. मूळ मला एका दिवसात सापडलं, यावरूनच मला संशय यायला हवा होता. आत्या गोधड्या शिवायची. तिच्या भाषेत वाकळा. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक अंथरून असे काही टाके घालायची की गोधडी अंगावर घेतली की माणूस सकाळी साहेबाचंही नाव विसरायचा. त्या दिवाळीत माझ्या मेहुण्यानं गिरणीची दोन ब्लँकेटं दिली, आणि वत्सलानं गोधड्यांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला. झालं! कलावंताचा अपमान. कलेची कदर नाही म्हणून कलावंत गाव सोडून चालला. हे सगळं मला ऑफिसात फायली उपसताना सुचलं, आणि माझ्याच बुद्धीचं मला कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात वाचनालयात एक गुळगुळीत कागदाची यादी हाती लागली. मुंबईच्या कुठल्याशा परदेशी फिल्म-लायब्ररीनं फुकट पाठवली होती. 'अमेरिकेतील लोकजीवन व लोककला : माहितीपट.' मला वाटत होतं, अमेरिकेत मोटारी, उंच इमारती आणि दुधाची पावडर एवढंच असतं. इथं पाहतो तर काय, डोंगरात राहणारे फिडलवाले, टोपल्या विणणारे, घरं बांधायला सगळं गाव गोळा करणारे, मातीची भांडी घडवणारे रेड इंडियन! आणि सत्तेचाळीस नंबरला, "पहाडी भागातील वृद्ध स्त्रिया व त्यांच्या गोधड्या. बावीस मिनिटे. ध्वनीसह."

मी वाचनालयात मोठ्यानं "वा!" म्हणालो. ग्रंथपालानं चष्म्यावरून पाहिलं.

माझी योजना तयार झाली. आत्याला काही सांगायचं नाही. नुसती पडद्यासमोर आणून बसवायची. तिकडं अमेरिकेसारखा देश म्हाताऱ्या बायांच्या गोधड्यांचे पिक्चर काढतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं की तिचं मन हरखेल, मी लगेच माळ्यावरचा गठ्ठा खाली काढीन, ती डोळे पुसेल आणि म्हणेल, "दिग्या, मी नाय जात." हे दृश्य मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं, की त्यात मी कुठला सदरा घातलाय हेसुद्धा ठरलं होतं.

मुंबईला पत्र टाकलं. 'विथ रेफरन्स टु' पासून 'योर्स फेथफुली' पर्यंत अस्सल सरकारी इंग्रजी. आठ दिवसांत उत्तर आलं की, फिल्म व्यक्तीला मिळत नाही. संस्था हवी, छापील कागद हवा, अध्यक्षांची सही हवी आणि किमान दोनशे प्रेक्षकांची हमी हवी.

मला एक प्रेक्षक हवा होता!

पत्र घेऊन मी शेजारच्या नानासाहेबांकडं गेलो, ही माझी दुसरी चूक. नानासाहेब निजामाच्या अमदानीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून होते. राजवट गेली, पेन्शन राहिली आणि दरखास्त-अर्ज लिहायची खुमखुमीही राहिली. ते भाजीवाल्यालासुद्धा मजकूर तोंडी न सांगता मुद्देसूद लिहून देत. पत्र वाचून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"दिगंबरराव, संस्था काढायची. अध्यक्ष कोण, हा सवालच येत नाही."

"का?"

"मी आहे ना!"

नावावरून तीन दिवस खल झाला. मी सुचवलं 'लोककला मंडळ'. नानासाहेब म्हणाले, हे अगदीच भजनी वाटतं. शेवटी ठरलं, 'अखिल मराठवाडा अमेरिकन लोकजीवन परिचय मंडळ, उस्मानपुरा.' शिक्का करणाऱ्यानं सांगितलं की एवढं नाव गोल शिक्क्यात बसत नाही, लांबट करावा लागेल. तो लांबट शिक्का कागदावर उमटला की औषधाच्या बाटलीची चिठ्ठी वाटायची. गल्लीत बातमी फुटली, आणि ज्यांना आयुष्यात अमेरिकेचं काही देणंघेणं नव्हतं अशा अकरा जणांनी आपल्याला कार्यकारिणीत का घेतलं नाही म्हणून माझ्याशी बोलणं सोडलं. त्यातल्या तिघांना घेतलं, तेव्हा उरलेले आठ नानासाहेबांशीही बोलेनासे झाले.

मग इजाजतीचं प्रकरण. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण तिथला कारकून खरं तर भला माणूस होता. त्यानं एक जाडजूड रजिस्टर उघडलं. त्यात रकाने होते नाटक, तमाशा, कव्वाली, कुस्ती आणि सर्कस.

"तुमचं काय?"

"अमेरिकेतल्या लोकजीवनावरचा माहितीपट."

त्यानं रकाने वरपासून खालपर्यंत बोटानं तपासले. "नाय ना."

"सिनेमाच म्हणा."

"सिनेमाचं निराळं. त्याला पक्की इमारत लागती, दोन दरवाजे लागतेत, वाळूच्या बादल्या लागतेत. इमारत हाय?"

"नाही. मोकळं मैदान आहे."

"मग सिनेमा नाय." त्यानं प्रेमानं माझ्याकडं पाहिलं. "मैदानात काय बसतं सांगू का? सर्कस."

नानासाहेब म्हणाले, "लिहा. कागद पुढं सरकणं महत्त्वाचं."

"जनावरं किती?"

"एकही नाही," मी ओरडलो.

"निरंक लिहिलं तर साहेब परत पाठवतेत. एखादं तरी सांगा."

नानासाहेबांनी माझ्या कानात विचारलं, "त्या पिक्चरमध्ये घोडा असेल का हो?" मी म्हणालो, असेलही, डोंगरातले लोक आहेत. झालं. 'सर्कस. जनावरे : घोडा, एक.' खाली आमचा औषधाच्या चिठ्ठीचा शिक्का.

पिक्चर दाखवायचं मशीन मुबारकमियाँचं. मुबारकमियाँ पूर्वी तंबूतला सिनेमा घेऊन उरूस-जत्रा करत. आता पैठण गेटपाशी रेडिओ दुरुस्त करायचे, पण सोळा एमेमचं जुनं मशीन त्यांनी घरात जपून ठेवलं होतं. त्यांच्या बेगम जाहेदाबी म्हणायच्या, "मेरी सौतन है वो." मुबारकमियाँनी मशीनवरची चादर काढली, फुंकर मारली आणि म्हणाले, "चलताय साब, एकदम चलताय. खाली पट्टा नै." फक्त पट्टा नव्हता, तो आमच्या शिलाई मशीनचा बसला. वत्सलाचे दोन झंपर अर्धवट राहिले, आणि पुढचा महिनाभर ती माझ्याशी अर्धवटच बोलली.

राहिला पडदा. चादरी जोडून पाहिल्या, अपुऱ्या पडल्या. तेव्हा आत्या, जिला कशाचाच पत्ता नव्हता, आपण होऊन म्हणाली, "अरं, कापड द्या, मी शिवते." नानासाहेबांनी अध्यक्ष या नात्यानं आपली जुनी सहा धोतरं दिली. आत्यानं ओसरीत धोतरं अंथरली, दुहेरी केली आणि पाच दिवसांत असा पडदा शिवला की त्यावर पिक्चर दाखवण्यापेक्षा त्याच्याखाली झोपावं. एकच तक्रार ती सारखी करत होती, "नुसतं पांढरं! प्रेतावर घातल्यावानी दिसतंय. एखादा लाल तुकडा लावू का मधी?"

"आत्या, काही लावू नकोस! पांढराच पाहिजे."

"बरं बाई, ऱ्हाऊ दे."

फिल्मची पेटी मुंबईहून निघाली होती म्हणे, पण बारा दिवस कुठं तरी हवापालट करून आली. तोवर पडद्याची गुंडाळी माळ्यावर होती. पौषातला शनिवार ठरला. संक्रांत चार दिवसांवर आलेली. दुपारी मी गुंडाळी खाली काढली, मैदानात नेऊन उलगडली. बरोबर मध्यभागी ताटाएवढं भोक! उंदरांनी दोन्ही थर आरपार कुरतडले होते.

"कडेला सोडून नेमके मध्येच कसे गेले?" नानासाहेबांनी चौकशी समितीच्या सुरात विचारलं.

आत्या आली. भोक पाहिलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"तिथं घास होता ना."

"कसला घास?"

"भाकरीचा. वाकळंच्या पोटात घास घालावा लागतो. उपाशी वाकळ पांघरली की माणसाला झोप लागत नाय. आमच्या आईनं मला तसंच शिकवलं."

"आत्या! पण हा पडदा आहे! हा कोण पांघरणार आहे?"

"मला काय सांगितलंस का तू, काय हाय ते? एवढी मोठी वाकळ कुणासाठी, कशासाठी, काय नाय, नुसतं 'पांढराच पाहिजे' म्हणालास. शिवली. उपाशी कशी ठेवू?"

तिनं सुई काढली. दिवस कलायला आला होता, पांढरं कापड शिल्लक नव्हतं, आणि कमरेच्या पिशवीत तिनं एक तुकडा आणलेलाच होता. लाल. कुंकवासारखा लालभडक. वीस मिनिटांत ठिगळ बसलं. आत्यानं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "आता बघ, कसं भरल्यावानी दिसतंय."

दिवेलागणीला मैदान फुलून गेलं. सर्कस म्हटल्यावर लासलगावहून आलेले पाहुणेसुद्धा थांबले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. बायकांत पुढं आत्या, शेजारी जाहेदाबी. नानासाहेबांनी अध्यक्षीय भाषणाची अठरा पानं काढली. सहाव्या पानावर मुबारकमियाँनी गुपचूप मशीन सुरू केलं आणि नानासाहेबांच्या शेरवानीवर अमेरिकेचे डोंगर उमटले. ते तरी दोन पानं वाचतच राहिले.

मी भोंगा घेऊन भाषांतराला उभा. आणि मला पहिल्याच मिनिटात कळलं की त्या डोंगरी लोकांच्या इंग्रजीचा आणि माझ्या इंग्रजीचा काही संबंध नाही. 'विथ रेफरन्स टु' कुणीच म्हणेना! सगळे शब्द गरम बटाटा तोंडात घेतल्यासारखे. मग काय, मी चित्र पाहून ठोकून द्यायला लागलो. "हा त्यांचा डोंगर. हे त्यांचं झाड. हे लोक फार कष्टाळू आहेत."

"ते दिसायलंय की," पुरुषांतून आवाज आला.

तेवढ्यात हवालदार आला. हातात आमचा कागद. "अध्यक्ष कोण? घोडा कुठंय?"

नानासाहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि दबक्या आवाजात "आत्ता येईल, आत्ता येईल" करत बसवलं. मी देवाचा धावा करत होतो. आणि खरंच, पडद्यावर एक म्हातारा लाकडाची गाडी हाकत आला!

"आला, घोडा आला!" नानासाहेब टुणकन उठले.

हवालदारानं मान तिरकी करून पाहिलं. तो शेतकऱ्याचा पोर असावा. "अध्यक्षसाहेब, हे खेचर हाय. कागदावर घोडा हाय."

त्यावर दोघांची जी हुज्जत जुंपली, ती मला ऐकता आली नाही, कारण पडद्यावर ती म्हातारी आली होती. पंचाहत्तरीची, सडपातळ, बारीक अंबाडा. खुर्चीवर बसून तिनं मांडीवर गोधडी ओढली, आणि आत्याचं लाल ठिगळ बरोबर तिच्या कपाळावर आलं.

"अगं बाई, सवाष्ण हाय!" बायकांत एकच गलका.

जाहेदाबी म्हणाल्या, "देखो तो अम्मा, हमारे जैसीच गुदडी सी रई!"

मी आत्याकडं पाहिलं. माझी सगळी खटपट या एका क्षणासाठी होती. आत्या पुढं वाकली होती, हनुवटीला हात. तिचे ओठ हलत होते, ती टाके मोजत होती. "लई बारीक घालती," ती जाहेदाबींना म्हणाली. "हात बसलेला हाय. दोरा मातर तिचा लांब हाय, गुंतंल बघ." आणि खरंच म्हातारीचा दोरा गुंतला. बायका हसल्या, पडद्यावर म्हातारीही हसली. आमच्या कित्येकींनी त्या रात्री पहिल्यांदाच परक्या मुलखातली बाई पाहिली असेल, पण दहा मिनिटांत ती गल्लीतलीच होऊन गेली. तिचं ते ठिपके-ठिपक्यांचं झगापोलकं, खिडकीबाहेरचं वाळत घातलेलं धुणं, पाठीवर हात ठेवून उठणं. ते मैदान मला आजही आठवतं. जाहेदाबी गेल्या, मुबारकमियाँ गेले, मैदानावर दुकानं झाली.

मग म्हातारी बोलायला लागली. सुई चालवत, सावकाश, एकेक शब्द. आणि नशीब पाहा, संपूर्ण पिक्चरमधलं तेवढंच मला लख्ख कळलं. मुलगा म्हणतो शहरात ये. गेले. एक हिवाळा राहिले. घरी परत आले.

भोंगा माझ्या तोंडाला होता. तीनशे माणसं माझ्याकडं पाहत होती, त्यांत आत्याही होती. मी खोटं बोललो. सरळ, ठणठणीत खोटं.

"आजी म्हणतात, मी शहरात मुलाकडं राहते! मुलगा फार चांगला आहे! मी अतिशय सुखात आहे! सगळ्या वडीलधाऱ्या माणसांनी असंच मुलाबाळांत राहावं!"

नानासाहेबांनी हवालदाराशी चाललेलं भांडण थांबवून टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच बायकांतून आवाज आला, "ए दिग्या, खोटं बोलायलास!"

आत्या उभी राहिली होती. तिची सावली पडद्यावर, म्हातारीच्या शेजारी.

"आत्या, खाली बस. तिनंच सांगितलंय."

"तिची भाषा मला येत नाय, पण घर कळतंय की! चुलीवर एवढंसं भगुनं. फळीवर एक बशी, एक कप. एक खुर्ची, तिच्यावर ती सोता बसलीय. लेकाच्या घरी ऱ्हाणाऱ्या बाईची चूल निराळी असती व्हय रं?"

मैदान हसलं. मशीनपाशी उभे असलेले मुबारकमियाँ तरी माझी बाजू घेतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "अम्मा सच बोल रई साब. पलंग भी एकीच है."

"काय म्हणाली ती, खरं सांग," आत्या म्हणाली. ती ओरडली नाही, आणि त्यामुळंच मला पळवाट राहिली नाही.

मी भोंगा तोंडापासून काढला. तसंच म्हणालो, "म्हणते, मुलगा शहरात ये म्हणाला. एक हिवाळा राहिले. मग घरी परत आले."

कुणी हसलं नाही.

"हां," आत्या खाली बसत म्हणाली, "आता बरोबर." आणि तिनं उरलेला पिक्चर मन लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी घरातच तोंड चुकवत फिरत होतो. गल्लीत निघायची सोय नव्हती. पोरंठोरं मला पाहून "मी अतिशय सुखात आहे!" म्हणून ओरडत होती. दुपारी मी माळ्यावर चढलो, गोधड्यांचा गठ्ठा काढला आणि आत्यापुढं ठेवला.

"हे कशाला काढलंस?"

"तुझा अपमान झाला ना. वत्सलानं वर टाकल्या म्हणून."

आत्या माझ्याकडं बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरं येड्या, मीच तिला म्हणाले टाक म्हणून! धुवायला जड होतेत तिला, वाकून वाकून कंबर धरती तिची. येवढ्यासाठी तू त्या म्हातारीला अमेरिकेहून आणलीस?"

"मग का चाललीस तू?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "काय कमी आहे तुला इथं? मी कमी पडलो? दोन महिने मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय, सर्कसवाला झालोय, सगळ्या गावात हसं झालं माझं, फक्त तू जाऊ नयेस म्हणून!"

आत्यानं गठ्ठ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"दोन महिने सगळ्यांला इचारत फिरलास. मला एकदाबी नाय इचारलंस, का चाललीस म्हणून. आज इचारलंस." ती म्हणाली, "कमी काय नाय रं. वत्सला लेकीवानी करती. पण लेकीच्या घरीबी आपण पाव्हणंच. कोण आलं तर 'बसा' म्हणायला मला तुमच्या तोंडाकडं बघावं लागतं. तिथं माझं दार हाय. मी उघडलं तर उघडलं, लावलं तर लावलं. मोंढ्यातले हमाल पाणी मागायला यायचे, 'आवडाबाई, तांब्याभर पाणी द्या' म्हणायचे. मला दिवसातून धा येळा कुणी तरी नावानं हाक मारायचं. हितं मी तुझी आत्या. आत्याबाई. झालं."

तीन वर्षांत उस्मानपुऱ्यात तिला कुणी आवडाबाई म्हटलेलं मला आठवेना.

"त्या बाईला ठेसनावर सोडायला तिचा लेक गेला होता का?" तिनं विचारलं.

"ते पिक्चरमध्ये नाही दाखवलं."

"तू ये मग."

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वत्सला दारात रडली, जाहेदाबींनी शेवयांचा डबा दिला. पॅसेंजरनं दौलताबाद, पोटूळ करत करत लासूर गाठलं. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. कुलपाला गंज चढला होता, आत्यानं तेलाची बाटली बरोबर आणली होती. मी हात पुढं केला तर तिनं सारला. कुलूप तिचं तिनंच काढलं. एक हमाल पोतं टाकून थबकला आणि लांबूनच ओरडला, "अवो, आवडाबाई आल्या का काय?"

"आले रं बद्रीनाथा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी दचकलो. हा आवाज तिनं आमच्या घरात कधीच काढला नव्हता.

मग ती माझ्याकडं वळली, पदरानं ओटा झटकला आणि म्हणाली, "बसा पाव्हणं. च्या टाकते."

मी ओट्यावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं. खिशात हात घातला तर एक कागद लागला. फिल्मच्या पेटीतून निघालेला, परतीच्या वेळी भरून पाठवायचा. प्रेक्षकसंख्या, हवामान, फिल्मची स्थिती, सगळं मी भरलं होतं. एकच रकाना रिकामा होता, 'चित्रपटाचा प्रेक्षकांवर झालेला परिणाम.' नानासाहेबांनी त्यासाठी चार पानी मसुदा दिला होता.

"आत्या," मी आत हाक मारली आणि थांबलो. "आवडाबाई, मुंबईवाले विचारतायत, पिक्चर पाहून काय झालं. काय लिहू?"

आत चूल फुंकायचा आवाज थांबला.

"लिही," ती म्हणाली, "सुखरूप पोचले."

मी तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं. मुंबईहून त्यावर काही उत्तर आलं नाही.